जहाजाचे तिकीट आणि मधला अडत्या

आयंबिल ओळीच्या दिवसांत किंवा अष्टान्हिका पर्वात श्रीपाल-मैनासुंदरीची कथा आपल्या बहुतेक घरांत वाचली जाते. त्या कथेतील धवल शेठ मला बालपणापासून अस्वस्थ करीत आला आहे. त्याची अडकून पडलेली जहाजे श्रीपालाने आपल्या श्रद्धेच्या बळावर मोकळी केली, आणि पुढे त्याच शेठने लोभापायी श्रीपालाला भर समुद्रात ढकलून दिले. लहानपणी मी आजीला विचारीत असे, की श्रीपालाने स्वतःचे जहाज का घेतले नाही? सारी हयात बँकेत घालविल्यावर तोच प्रश्न मला जरा निराळ्या रूपात पडतो. धवल शेठशी झालेल्या व्यवहाराची श्रीपालाने काही पावती घेतली होती काय?

ही कथा आठवण्याचे कारण असे, की अलीकडे आपल्या समाजात जलपर्यटनाची हौस वाढली आहे. तुळजापूर, बार्शी, सोलापूर, लातूर या भागांतील व्यापारी कुटुंबे दिवाळीचा हंगाम आटोपला, की लग्नाच्या रौप्यमहोत्सवाचे किंवा आईवडिलांच्या पंचाहत्तरीचे निमित्त करून मुंबईहून गोव्याला वा लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझवर जातात. हात सैल असेल तर सिंगापूर गाठतात. मुंबईत बॅलार्ड पियर येथे उभारलेल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटनही सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. जहाजांवर जैन भोजन मिळू लागल्याने ज्येष्ठ मंडळींचाही विरोध मावळला आहे. मी बँकेत होतो, म्हणून मला हमखास विचारले जाते, ‘काका, एजंटकडून करावे, की कंपनीकडे थेट? स्वस्त कोठे पडेल?’

समुद्र आपल्या समाजाला नवा नाही. आमच्यापासून ४५ किलोमीटरवर असलेल्या सोलापूरच्या एका दिगंबर जैन घराण्यात १८८२ साली वालचंद हिराचंद यांचा जन्म झाला. त्यांनी सहकाऱ्यांसमवेत सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेल्या या जहाजाचे मूळ नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ होते; सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून पर्यटकांना नेऊ लागलेल्या जहाजाचे नावही ‘एम्प्रेस’च आहे, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. वालचंद शेठजींना भाड्याचे दर, सवलती आणि मधले दलाल यांचे गणित तोंडपाठ असणार. आपण मात्र जहाजावर केवळ प्रवासी म्हणून पाऊल ठेवतो आणि दुकानात पाळलेले व्यवहाराचे सारे नियम घरी ठेवून जातो.

‘स्वस्त कोठे’ या प्रश्नाचे उत्तर लवकर देता येते. बहुतेक वेळा दोन्हीकडे भाव जवळजवळ सारखाच असतो. एजंटला कमिशन जहाज कंपनी देते आणि ते भाड्यातच मिसळलेले असते. तुम्ही थेट तिकीट काढले म्हणून कंपनी ते कमिशन तुम्हाला परत करीत नाही. बंदराचे शुल्क व कर यांवर एजंटला सहसा काही मिळत नाही, म्हणून काही एजंट भाडे कमी दाखवून शेवटी ‘सेवाशुल्क’ लावतात. मोठा गट असेल तर एजंटला कंपनीकडून ठरावीक प्रवाशांमागे एखादी जागा मोफत किंवा काही सवलत मिळू शकते; ती तो तुमच्यात वाटतो, की स्वतःकडे ठेवतो, हे त्याला सरळ विचारावे. तुलना करताना दोन्ही कागदांवर केबिन एकाच प्रकारची आहे ना, बंदर शुल्क, सेवाकर्मचाऱ्यांची बक्षिसी आणि जीएसटी धरले आहेत ना, एवढे पाहिले, की भावाचा प्रश्न संपतो.

खरा प्रश्न अडतीचा आहे. आपल्या वाचकांना अडत समजावून सांगण्याची गरज नाही. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला, तेव्हा बाजार समित्यांत केवढी खळबळ उडाली होती! कारण अडत कोण देतो यावर अडत्या कोणाचा माणूस हे ठरते. जहाजाच्या तिकिटात अडत कंपनी देते, परंतु एजंट स्वतःला आपला माणूस म्हणवितो. सारे सुरळीत चालते तोवर हा भेद जाणवत नाही. आमच्या तुळजापुरात दर्शनाला येणाऱ्या कित्येक घराण्यांचा पुजारी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो. तो यजमानाच्या आजोबांचे नावही सांगतो, आणि पुढल्या वर्षी पुन्हा समोरासमोर यायचे आहे ही जाणीव दोघांनाही असते. लग्नाच्या मांडवात ओळख झालेल्या एजंटशी आपले असे कोणते नाते असते?

मला हे शहाणपण तीन वर्षांपूर्वी आले, तेही किंमत देऊन. आमचा, थोरल्या बंधूंचा आणि बार्शीच्या मेहुण्यांचा असा अठरा माणसांचा गट होता. नातेवाइकाच्या ओळखीतून एक एजंट मिळाला. बोलणे गोड, घरी येऊन चहा घेणारा. पैसे एनईएफटीने पाठवावयाचे होते. त्याने दिलेले खाते पेढीचे चालू खाते नसून व्यक्तिगत बचत खाते होते. ज्याने आयुष्यभर इतरांना ‘खाते कोणाच्या नावे आहे ते पाहा’ असे बजावले, त्याच गृहस्थाने ओळखीच्या भिडेपोटी पावणेपाच लाख रुपये त्या खात्यात भरले. बदल्यात एक छापील कागद मिळाला. त्यावर जहाजाचे रंगीत चित्र होते आणि एक ‘बुकिंग क्रमांक’ होता.

निघण्यास दहा दिवस उरले असता वहिनींच्या भोजनाची सोय विचारावी म्हणून मी थेट जहाज कंपनीला फोन लावला. तो क्रमांक त्यांच्याकडे अस्तित्वातच नव्हता. ते एजंटच्या स्वतःच्या बिलबुकाचे पान होते. पलीकडील मुलगी नम्रपणे म्हणाली, ‘सर, बुकिंग एजंटमार्फत असेल तर आम्ही आपल्याशी बोलू शकत नाही. आपण आपल्या एजंटशीच बोला.’ हा त्या व्यवसायाचा रिवाजच आहे आणि त्यात कंपनीची चूक नाही, कारण तिच्या लेखी ग्राहक म्हणजे एजंट. सायंकाळी तो भेटला तेव्हा कळले, की त्याने फक्त अनामत भरली होती आणि उरलेली रक्कम दुसऱ्या एका सहलीसाठी ‘फिरवली’ होती. व्यापारात रक्कम फिरवणे नवीन नसते. परंतु दुसऱ्याची ठेव फिरवणे याला आपल्या अणुव्रतांत काय म्हटले आहे, हे मी त्याला सांगितले नाही. सांगून उपयोगही नव्हता.

निघण्याच्या तीन दिवस आधी त्याने पैसे भरले. आम्ही गेलो आणि परतलो. मात्र उशिरा भरल्यामुळे केबिन विखुरलेल्या मिळाल्या. सासूसासरे एका मजल्यावर आणि त्यांची औषधे सांभाळणारी सून तीन मजले खाली, अशी व्यवस्था झाली. जैन भोजनाची नोंद कोठेच नव्हती. जहाजाच्या स्वयंपाकघराने कांदा-लसूण वगळून काही पदार्थ दिले खरे, पण बटाटा आहे की नाही, सूर्यास्तापूर्वी मिळेल की नाही, हे प्रत्येक जेवणाला नव्याने विचारावे लागे. माझ्या वहिनी चौविहार पाळतात. तीन दिवस त्यांनी खाकरे, भाजके पोहे आणि सुक्या मेव्यावर काढले. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही, आणि तेच मला आजही बोचते.

हा प्रसंग ऐकून ‘एजंटच नको’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. माझा पुतण्याही त्यांतलाच. पुढल्या वर्षी त्याने मोबाईलवरून थेट कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या कुटुंबाचे तिकीट काढले. पंधरा मिनिटांत काम झाले, पुष्टीचे पत्रही तत्काळ आले. पण काकूंचे नाव त्याने घरगुती वापरातले लिहिले, आधारवर माहेरचे होते. नावातील दुरुस्तीसाठी त्याने फोनवर संगीत ऐकत किती तास घालविले, ते तोच जाणे. अखेर दुरुस्ती झाली. नंतर सासऱ्यांची प्रकृती बिघडल्याने दोन तिकिटे रद्द करावी लागली, तेव्हा रद्द करण्याचे नियम त्याने प्रथमच वाचले. निघण्याची तारीख जवळ येते तसतसा परताव्याचा टक्का उतरत जातो आणि शेवटच्या दिवसांत तो शून्यावर येतो, ही अट जवळजवळ सर्व कंपन्यांची असते. चांगल्या एजंटने पैसे घेण्यापूर्वी हे सांगितले असते. रेल्वेचेही तसेच. आपल्याकडून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघावे, सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरावे आणि तेथून जवळच्याच बॅलार्ड पियरला जावे, हा सोयीचा मार्ग. परंतु गाडी रखडली तर जहाज थांबत नाही. रेल्वे आणि जहाज दोन्ही एकाच विक्रेत्याने एका बिलात दिले असेल तर त्याला जाब विचारता येतो; वेगवेगळी तिकिटे आपणच काढली असतील तर जबाबदारी आपलीच.

शिवाय कंपनी स्वतःच बुडाली तर? हा केवळ कल्पनेतला प्रश्न नाही. एप्रिल २०१९ मध्ये मुंबईहून ‘कर्णिका’ हे भव्य जहाज मोठ्या थाटात सुरू झाले. जलेश क्रूझेस ही कंपनी भारतीय होती. वर्षभरात करोना आला, फेऱ्या थांबल्या, देणी थकली, जहाज न्यायालयीन कारवाईत सापडले, विकले गेले आणि २०२० सालच्या अखेरीस अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेली ‘आंग्रिया’ही करोनानंतर पर्यटकांना पूर्वीसारखी मिळाली नाही. सिंगापूरहून जहाजे चालविणारी गेंटिंग हाँगकाँग ही बडी कंपनी जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली. अशा वेळी थेट पैसे भरलेला प्रवासी हा कंपनीचा विनातारण धनको ठरतो आणि बँकांच्या रांगेत सर्वांत मागे उभा राहतो. बँकेच्या बाजूने ती रांग मी पाहिली आहे. शेवटच्या माणसापर्यंत सहसा काही पोहोचत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये १७८ वर्षांची ब्रिटिश थॉमस कुक कंपनी एका रात्रीत बंद पडली. भारतातील थॉमस कुक तोवर निराळ्या मालकीची झाली होती, तरी आपल्याकडेही लोक घाबरले. परदेशात अडकलेल्या ब्रिटिश प्रवाशांना सरकारी हमीच्या योजनेतून मायदेशी आणण्यात आले. आपल्याकडे सहल कंपन्यांना पर्यटन मंत्रालयाची मान्यता मिळते, पण ती ऐच्छिक आहे. दुकानाच्या काचेवर चिकटविलेल्या बोधचिन्हावरून आपली रक्कम सुरक्षित आहे असे समजू नये.

मग आधार कशाचा? बँकेत शिकलेली एक साधी गोष्ट येथे कामी येते. पैसा ज्या वाटेने जातो, बहुधा त्याच वाटेने परत येतो. टाळेबंदीतील विमान तिकिटांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी निर्णय दिला, तेव्हाही एजंटमार्फत काढलेल्या तिकिटांचा परतावा विमान कंपनीने एजंटकडे द्यावा आणि एजंटने तो प्रवाशाला तत्काळ पोहोचवावा, असेच ठरले. त्यातील ‘तत्काळ’ किती लांबले, ते पुष्कळांना ठाऊक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२४ पर्यंत ऑनलाइन प्रवास कंपन्यांच्या मागे लागावे लागले. म्हणून वाटेत जितकी घरे, तितके उंबरठे, हे धरून चालावे.

यातून मी माझ्यापुरता एक मध्यम मार्ग काढला आहे. सल्ला, केबिनची निवड, कागदपत्रे यांसाठी जाणता एजंट घ्यावा, त्याची अडत त्याला मिळू द्यावी. मात्र रक्कम शक्य तेथे जहाज कंपनीच्याच नावे, क्रेडिट कार्डाने भरावी. पुष्कळ कंपन्या एजंटच्या बुकिंगवरही प्रवाशाच्या कार्डाने पैसे भरण्याचा दुवा पाठवितात. कार्डाने भरल्यास आणि सेवा मिळालीच नाही तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे वाद नोंदविता येतो. त्याला मुदत असते, म्हणून वाट पाहत बसू नये. एनईएफटीत ही सोय नाही. एनईएफटीत तर पूर्वी रक्कम केवळ खाते क्रमांकावर जमा होई, नाव जुळते की नाही हे पाहण्याची सोय ग्राहकाला नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ एप्रिल २०२५ पासून बँकांनी पैसे पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखविण्याची व्यवस्था करावयाची आहे. ते नाव वाचावे. पेढीचे नाव एक आणि खात्याचे नाव दुसरे असेल तर तेथेच थांबावे, मग समोरचा मांडवातला असो की नात्यातला.

आणि रोख? ‘रोख द्या, पाच टक्के सोडतो’ हे आपल्या कानांना गोड लागणारे वाक्य आहे. एका व्यवहारात दोन लाख वा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची बंदी आहे, दंड घेणाऱ्याला होतो. पण देणाऱ्याच्या हाती पुरावा उरत नाही, हे त्याहून मोठे नुकसान. परदेशी सहलीचे पॅकेज येथील विक्रेत्याकडून घेतल्यास ऑक्टोबर २०२० पासून त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून आगाऊ वसूल करावयाचा कर, लागतो. प्रथम तो ५ टक्के होता, ऑक्टोबर २०२३ पासून मोठ्या रकमांवर २० टक्क्यांपर्यंत गेला आणि नंतरच्या अर्थसंकल्पांत मर्यादा व दर पुन्हा बदलले. तेव्हा पैसे भरण्याच्या दिवशीचा दर विचारून घ्यावा. ही रक्कम बुडत नाही. आपल्या पॅनखाली ती आयकर खात्याच्या संकेतस्थळावर दिसते आणि विवरणपत्रात वळती करून घेता येते. दिसत नसेल, तर विक्रेत्याने ती वसूल केली पण भरली नाही, हे ओळखावे. अशा सहलीचे बिल दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर मागणारेही काही आहेत. कुटुंबाच्या मौजेचा परतावा सरकार देत नाही, एवढेच त्यांना सांगतो.

भांडण झालेच तर ते कोठे लढावयाचे, हेही तिकिटावरच लिहिलेले असते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या एका दांपत्याने गावातील एजंटकडून सात दिवसांच्या जलसफरीचे तिकीट घेतले. जहाजावर पाय घसरून पत्नी जखमी झाली. त्यांनी आपल्या राज्यात दावा लावला, परंतु तिकिटावर ‘वाद फ्लोरिडातील न्यायालयातच’ अशी बारीक अक्षरांतील अट होती. १९९१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती अट वैध ठरविली. देशाच्या एका टोकाला राहणाऱ्यांना दुसऱ्या टोकाला जाऊन लढण्यास सांगण्यात आले. आपला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ या बाबतीत उदार आहे. जुन्या कायद्यात प्रतिपक्ष जेथे असेल किंवा वादाचे कारण जेथे घडले असेल, तेथे जावे लागे. आता ग्राहक जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते. म्हणजे तुळजापूरच्या माणसाला धाराशिवचा जिल्हा आयोग पुरतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर फोन करून पाहता येतो. मात्र परदेशी कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट तिकीट घेतले आणि तिचे येथे कार्यालयच नसेल, तर आयोगाचा आदेश बजावावा कोणावर? अशा सफरींसाठी येथे पत्ता आणि जीएसटी क्रमांक असलेला एजंट असणे, ही चैन नव्हे.

यंदा डिसेंबरात आमचा बावीस जणांचा गट पुन्हा निघत आहे. एजंट नवा आहे, सोलापुरात त्याचे दुकान आहे, आणि पैसे आम्ही कंपनीच्या दुव्यावर कार्डाने भरले. कंपनीचा मूळ बुकिंग क्रमांक माझ्याकडे आहे. नावे आधारप्रमाणे लिहून दोघांनी ताडून पाहिली. सर्व केबिन एका मजल्यावर आहेत. जैन भोजनाची नोंद लेखी झाली आहे, कंदमुळे नकोत हेही त्यात स्पष्ट आहे. राहता राहिला सूर्यास्त. डिसेंबरात मुंबईकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि कंपनीच्या पत्रानुसार भोजनगृह साडेसहाला उघडते. आठ जणांसाठी साडेपाचला ताट मिळावे, असे मी एजंटमार्फत पुन्हा लिहिले आहे. त्याचे उत्तर येईपर्यंत वहिनी खाकऱ्यांचा डबा भरून ठेवणार आहेत.